सिलेंडरच्या गळ्यातला दोरा

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, आजोबांची रिक्षा गॅसवर चालते, ती फुटली तर?" मी "नाही फुटत" एवढंच म्हटलं आणि तुमच्या शाळेची चौकशी सुरू केली. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने द्यावं असं ते उत्तर नव्हतं. म्हणून आता सवडीने लिहिते आहे. यात माझी एक चूक येणार आहे. ती तुमच्या बाबाला अजून माहीत नाही. त्यालाही वाचायला द्या.

तुम्ही तिकडे तुमच्या मागच्या अंगणात मक्याची कणसं भाजायला जी टाकी जोडता, तिच्यात प्रोपेन असतो. इथे आपल्या स्वयंपाकाच्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन एकत्र असतात. रिक्षाच्या टाकीतही तेच दोघे, फक्त प्रमाण वेगळं. दाबाखाली ते द्रव होऊन बसतात, बाहेर पडले की वायू होतात, आणि इंजिनात पेट्रोलच्या जागी जळतात. म्हणजे शेगडी आणि रिक्षा एकाच जातीच्या इंधनावर चालू शकतात. माझ्या डोक्यातला सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

आजोबांचं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं, हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी होटगी रोडच्या दवाखान्यात जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं, आणि दुपारी पिळून काढलेल्या कपड्यासारखं होऊन परत यायचं. नेणारा-आणणारा एकच रिक्षावाला. मूळचा करकंबचा. भावांचा ऊस आहे तिकडे, हा मात्र शहरात आला तो इथलाच झाला. पन्नाशीचा, बोलका. मी शाळेतली म्हणून मला "बाई" म्हणतो आणि आजोबा बँकेतले म्हणून त्यांना "साहेब". दुपारी आम्हाला सोडलं की आपल्या अंगणातल्या लिंबाखाली रिक्षा लावून तासभर मागच्या सीटवर झोपतो. सिलेंडर देणारा माणूस जिना चढत नाही, जिन्याखाली ठेवून जातो. तो भरलेला सिलेंडर तिथेच उभा असतो. स्वयंपाकघरातला संपला की रिक्षावाला नवा खांद्यावर घेऊन वर आणायचा आणि जोडून द्यायचा. माझ्या मनगटांत आता तेवढं बळ नाही.

रिक्षा पेट्रोलवर होती तेव्हा परतीची वाट फार वाईट जायची. पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा वास मागे बसणाऱ्याच्या नाकात जातो. एरवी माणूस सहन करतो, पण डायलिसिसनंतर आजोबांना तो अजिबात चालत नसे. रुमाल नाकाला लावून बसायचे आणि पुलापाशी आलो की उलटी व्हायची. फोनवरून बंद मोटार मागवून पाहिली. काचा लावलेल्या गाडीत त्यांना आणखीच गरगरलं.

मग एका मंगळवारी रिक्षा दारात आली ती वेगळ्याच आवाजात. धडधड कमी, घरघर मऊ. परत येताना पूल ओलांडला, सिग्नल ओलांडला, आणि रुमाल आजोबांच्या खिशातच राहिला. घराच्या दारात उतरताना ते म्हणाले, "आज काय केलंस रे?"

"गॅसवर घेतली की साहेब! किट बसवलं. कागदावर चढवून आनली, चोरीछुपे न्हाय काय." मग माझ्याकडे वळून त्याने शर्टाच्या खिशातून एक पुस्तिका काढली. "बाई, ह्ये समदं इंग्रजीत हाय. जरा वाचून सांगता का, काय काय लिव्हलंय?"

पुस्तिका मी ठेवून घेतली आणि पेन्सिल घेऊन वाचली. पुढची पानंच्या पानं फायद्यांची. इंधन पूर्ण जळतं, धूर कमी. इंजिनात काजळी धरत नाही. तेल लवकर खराब होत नाही. पेट्रोलपेक्षा स्वस्त. ठोके न देता इंजिन चालतं. टाकी जाड पोलादाची आणि बंद, त्यामुळे सांडणं नाही की उडून जाणं नाही. धोके मात्र शेवटच्या पानावर, बारीक टायपात. ज्या कागदावर गुण मोठ्या अक्षरात आणि दोष बारीक अक्षरात असतात, तो मी नेहमी शेवटाकडून वाचते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता खाली साचतो. टाकीची ठरावीक मुदतीने तपासणी करावी लागते. आणि एक लिटर गॅसवर गाडी एक लिटर पेट्रोलपेक्षा कमी जाते, हे तर कुठे छापलंच नव्हतं. ते मी समासात लिहिलं.

गुरुवारी मी त्याला सगळं वाचून दाखवलं. समासातलंही.

"कमी जाती, माहीत हाय मला," तो म्हणाला. "पन तरी परवडतंय. आन् ह्ये बगा." त्याने तेल मोजायची पट्टी काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. "आदी पंदरा दिसात काळंभोर व्हायचं. आता मदासारखं हाय का न्हाय?"

"प्लग दाखवा."

"आता प्लग बी?"

"दाखवा."

त्याने हसत हसत प्लग काढून दिला. मी चष्मा पुसून पाहिला. काजळी नव्हती, फिकट तपकिरी रंग होता. आजोबा रिक्षात बसून कंटाळले होते. "अगं, लग्नाला मुलगी बघतेस का? चल आता."

"आन् येक सांगू का बाई," रिक्षावाला प्लग परत बसवत म्हणाला, "आदी स्टँडवर नळी घालून माझं पेट्रोल काडायची लोकं. आता म्हनावं, काडून दाखवा गॅस!"

बाहेर काढता येत नाही, हे त्याने फुशारकीने सांगितलं. माझ्या मनात मात्र आलं, आत काय काय घालता येत असेल?

तुमचा बाबा म्हणतो, आई भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघते. बघते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. आणि घरगुती सिलेंडरचा गॅस गाडीत भरणारी माणसं पकडली, अशा बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रात अधूनमधून येतातच.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी सिलेंडर जोडल्याच्या तारखेला लाल पेन्सिलीने गोल करते. आमच्या दोघांचा सिलेंडर दोन महिने आणि वर पाच-सहा दिवस जातो. कित्येक वर्षांचा अनुभव आहे. रिक्षा गॅसवर आली आणि पुढचा सिलेंडर आठवडाभर आधी संपला. मी शेगडीची नळी बदलली, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. गळती नव्हती. त्याच्या पुढचाही तसाच, आठ दिवस आधी संपला.

आता मांडणी बघा. भरलेला सिलेंडर जिन्याखाली. त्याच्यापासून चार पावलांवर, लिंबाखाली, गॅसवरची रिक्षा. वेळ दुपारची, मी दोन ते साडेतीन आडवी झालेली. वरचं प्लॅस्टिकचं सील काढून पुन्हा बसवतात असंही मी वाचलं होतं. आजोबांना म्हटलं, तर त्यांनी पेपरमधून मान वर न करता, "कशाला उगाच त्या माणसावर," एवढंच म्हटलं आणि पान उलटलं.

मी गोधडीचा जाड निळा दोरा घेतला. जिन्याखालच्या सिलेंडरच्या गळ्याला आणि सीलवरून तो दोनदा फिरवून, प्रयोगशाळेच्या कपाटाला मी मारत असे ती गाठ मारली. ती गाठ सोडून तशीच पुन्हा मारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि वाट पाहत बसले.

वरचा सिलेंडर पुन्हा आठवडाभर आधी संपला. रिक्षावाला नवा आणायला खाली गेला तो लवकर आलाच नाही. आला तेव्हा सिलेंडर खांद्यावर होता आणि चेहऱ्यावरचं बोलणं गेलेलं होतं. सिलेंडर खाली ठेवून त्याने दोऱ्याला बोट लावलं.

"बाई, ह्यो दोरा कशाला वो?"

"सहज."

"सहज कोन सिलेंडरच्या गळ्यात दोरा बांदतंय? तुळशीला बांदत्यात."

खोटं बोलायची मला सवय नाही आणि त्या दिवशी ती असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "सिलेंडर आठवडाभर आधी संपतोय. तुमची रिक्षा गॅसवर आल्यापासून."

त्याने दोऱ्यावरचं बोट काढलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमच्या चुलीवर मी माझी रिक्षा पळवतोय व्हय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग दोरा काय म्हनतोय?" तो खाली वाकला. "गाट तुमचीच हाय का न्हाय, नीट बगा. सुटलीया?"

सुटली नव्हती. जशी मारली होती तशीच होती. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडून गेलं, "यापूर्वीच्या तिन्ही सिलेंडरांना दोरा नव्हता."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं.

त्याने खिशातला चाकू काढून दोरा कापला, सील काढलं, सिलेंडर जोडला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे मला बोलावून दाखवलं. दोऱ्याचे तुकडे ओट्यावर ठेवले. "करनारे करत्यात बाई. लई जन करत्यात, त्यांची नावं बी सांगतो. मी आट किलोमीटर पंपावर जातो, लाईनीत हुबा ऱ्हातो. शनवारपासनं साहेबांस्नी दुसरी रिक्षा बगा."

आजोबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. रिक्षावाला जिना उतरून गेल्यावर म्हणाले, "बोलाव त्याला. तो तसा नाही."

"पुरावा काय?"

ते आत जाऊन पडले.

शनिवारी चौकातून पेट्रोलची रिक्षा आणली. जाताना ठीक, येताना पुलापाशी पुन्हा तेच. मंगळवारी तेच. गुरुवारी एवढी उलटी झाली की दंडावरची सुई काढलेली जागा पुन्हा रक्ताने ओली झाली आणि आम्हाला अर्ध्या वाटेवरून दवाखान्यात परतावं लागलं. मग पुढच्या शनिवारी सकाळी आजोबा पलंगावर बसून राहिले. "आज नाही येत मी. त्या वासात नाही बसायचं मला."

डायलिसिसला एक दिवस दांडी म्हणजे काय, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. त्यांच्या शरीरातलं पाणी बाहेर काढणारं दुसरं काहीच नाही. ते साठत राहतं, पायांत, पोटात आणि मग छातीत. मी ओरडले, रडले, तुमच्या बाबाला फोन लावायची धमकी दिली. ते हलले नाहीत. सोमवारी सकाळी त्यांचे पाय सुजून चपलेत मावेनात आणि चार पावलं चालले की धाप लागत होती. मंगळवारी कसंही करून न्यायचंच होतं, आणि नेणारा माणूस मी स्वतः घालवला होता.

त्या सोमवारी आपल्याकडे पाण्याचा दिवस नव्हता. पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं, आता चार दिवस यायचं नाही, म्हणून मी नेहमीप्रमाणे दोनला आडवी झाले. अडीचच्या सुमाराला शेजारची खालून ओरडली, "आज्जी, पाणी आलंय वो! पाइप फुटला होता म्हनं, आपल्याकडं जास्तीचं सोडलंय!" मी धडपडत उठले आणि बादल्यांसाठी स्वयंपाकघरात गेले.

आजोबा शेगडीपाशी उभे होते. एक हात ओट्यावर टेकलेला, सुजलेले पाय चपलेबाहेर, आणि छोट्या पातेल्यात कोरा चहा रटरटत होता. तुम्हाला त्यांचा चहा आठवतो ना? पाव तास उकळल्याशिवाय त्याला ते चहा म्हणत नाहीत.

पाण्याची बादली तशीच राहिली. डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं आहे, औषधाचा घोट, आमटी, सगळं धरून. सकाळचा अर्धा कप सोडला तर चहा बंद.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"रोज?"

"तू झोपलीस की." मग पातेल्याकडे बघत, "मोठा कप घेतो."

मी शेगडी बंद केली. कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि कपाटातून त्यांच्या वजनाची वही काढली. प्रत्येक डायलिसिसच्या आधीचं वजन मी निळ्या पेनने तिच्यात लिहिते. उन्हाळ्यापासून ते वाढत होतं. तेव्हा मला दवाखान्याच्या काट्याचा संशय आला होता, म्हणून मी नवी पेठेतून स्वतःचा काटा आणला आणि दोन्ही काटे जुळल्यावर मिठाला दोष दिला. कॅलेंडर स्वयंपाकघरात आणि वही कपाटात. इतक्या महिन्यांत ती दोन्ही मी एकदाही शेजारी ठेवली नव्हती. ठेवली असती तर कुणालाही दिसलं असतं की वजन चढायला लागलं त्याच महिन्यापासून सिलेंडर लवकर संपायला लागला. रिक्षाचं किटही त्याच महिन्यातलं, आणि मला तेवढंच दिसलं. चहाची पूड मी कधी मोजलीच नव्हती. त्यांचा सकाळचा अर्धा कप सोडला तर घरात चहा पिणारी मी एकटीच आहे, असं मी धरून चालले होते.

"त्याच्यावर आळ आला तेव्हा तुम्ही दारात उभे होता," मी म्हटलं.

"चहाने सिलेंडर संपतो हे मला काय माहीत? केमिस्ट्री तुझी."

"खरं सांगा."

ते खुर्चीवर बसले. धाप लागली होती. "थोडंसं माहीत होतं," ते म्हणाले.

शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून मी स्टँडवर गेले. त्याआधी मी तिथे कधी पायी गेले नव्हते. चार-पाच रिक्षावाले सावलीत बसले होते. एकाने मला ओळखलं. "ए गॅसवाल्या! ऊठ, तुजी बाई आलीया, टाकी तपासायला!" सगळे हसले. म्हणजे दोऱ्याची गोष्ट स्टँडभर झाली होती.

आमचा रिक्षावाला हसला नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी होती. गॅस घरातच जळत होता. साहेब चोरून चहा करत होते."

मग मघाचाच तो म्हणाला, "आयला, साहेब!" आणि पुन्हा हशा. याही वेळी आमचा रिक्षावाला हसला नाही. त्याने रिक्षा सुरू केली आणि म्हणाला, "बसा. गॅस भरायचाय."

मला वाटलं घरी नेतोय. तो थेट पंपावर घेऊन गेला. गॅस भरताना सवारीला खाली उतरून पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहावं लागतं. रांगेत आमच्या पुढे सात रिक्षा होत्या. उन्हात मी सगळा वेळ उभी राहिले. त्याचा नंबर आल्यावर त्याने मला हाताने जवळ बोलावलं, पण पंपावरच्या माणसाने अडवलं. मग तो तिथूनच ओरडला, "दिसतंय का बाई? त्ये नळीचं तोंड फिरवून बसवावं लागतंय. घरच्या सिलेंडरचं तोंड येगळं."

"दिसतंय," मी म्हटलं. गॅस भरून होईपर्यंत मी पट्ट्यामागेच उभी राहिले.

परत येताना पाठमोराच म्हणाला, "साहेबांस्नी मी न्हेतो. उद्या सकाळी हजर ऱ्हातो. पन सिलेंडरला हात न्हाय लावनार. रिक्षा बी तुमच्या अंगनात न्हाय लावनार."

"ठीक आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी तो वेळेवर आला. आजोबांना त्याने जवळजवळ उचलूनच खाली नेलं. त्या दिवशी यंत्रावर त्यांना जास्त वेळ ठेवलं. परतताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, रुमाल खिशातच. पुलापाशी रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "साहेब, चा पेनार का? हितं टपरी हाय." आजोबांनी डोळे न उघडता हात जोडले. मी बाहेर बघत राहिले.

पुढचे दोन महिने लिंबाखालची जागा रिकामी राहिली. रिक्षावाला दारात हॉर्न वाजवायचा, काम करायचा आणि जायचा. माझ्याशी जरुरीपुरतं बोलायचा. आजोबांना मी दुपारचा अर्धा कप द्यायला लागले, डॉक्टरांना विचारून, इतर पाण्यातून वजा करून. मी दुपारी झोपतच नाही आता. ते म्हणतात, शिक्षा दोघांनाही झाली.

सिलेंडर मात्र सहासष्ट दिवस चालला. संपला तो गुरुवारी, दवाखान्यातून परतल्यावर. आजोबांना खुर्चीत बसवून रिक्षावाला निघाला होता. मी त्याला काही सांगितलं नाही. खाली जाऊन जिन्याखालचा सिलेंडर तिरपा करून फिरवत फिरवत पहिल्या पायरीपर्यंत आणला. पायरीवर तो चढेना. दाराबाहेर रिक्षावाला आपल्या सीटवर बसून बघत होता.

मग उतरून आला. सिलेंडर खांद्यावर घेतला, वर जोडून दिला, साबणाचं पाणी लावलं. रिकामा खाली आणून ठेवला. दुसऱ्या आठवड्यात भरलेला आला तेव्हा हॉर्न न वाजवता वर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"बाई, त्यो निळा दोरा कुटंय?"

"कशाला?"

"द्या की."

मी डब्यातून दोरा काढून दिला. त्याने खाली जाऊन नव्या सिलेंडरच्या गळ्याला दोनदा फिरवला आणि मला हाक मारली. "या, गाट मारा तुमची. कुनी बोल लावला तर दाखवायला बरं. तुमच्या तोंडाला काय दोरा न्हाय."

मी गाठ मारली. नीट मारली, प्रयोगशाळेतली. त्या दुपारी त्याने रिक्षा लिंबाखाली लावली.

तेव्हापासून प्रत्येक सिलेंडरला दोरा असतो आणि तो आम्ही दोघं मिळून बांधतो. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रिक्षा फुटेल का? टाकीची तपासणी वेळेवर झाली आणि गॅस पंपावरच भरला, तर भिण्याचं कारण मला दिसत नाही. तिच्या तपासणीचा दाखला इंग्रजीत आहे. तो मी वाचला आहे, मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. तरीही रिक्षात बसताना मी खाली वाकून एकदा वास घेतेच. जड वायू खालीच साचतो, हे तुम्हाला सांगितलंच आहे. मी वाकले की रिक्षावाला आरशात बघतो आणि म्हणतो, "झालं का बाई? सोडू?"